बिस्किटांचा भोंगा

शिवखारच्या आपत्तिपूर्व केंद्रातला दीपफलक ऐन जेवणाच्या सुट्टीत उजळला, आणि डॉ. इंदुमती तांडेलच्या हातातला भाकरीचा घास हातातच राहिला.

भिंतभर फलक, त्यावर मुगाएवढे पिवळे दिवे. प्रत्येक वस्तीचा वेगळा चौकोन. आज एकच चौकोन पेटला होता, तोही असा की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. कोळीवाड्याचा. इंदुमतीचं माहेर, सासर आणि सध्याचा पत्ता, सगळं त्या एका चौकोनात होतं.

"पुन्हा?" ती म्हणाली.

ती हळू म्हणाली होती, तरी शेजारच्या खोलीतले दोन कारकून उठून चहाला निघून गेले. तांडेलबाई रागावल्या की वातानुकूलन यंत्राची घरघर आपोआप बसते, असं तिथले शिपाई शपथेवर सांगत. एकदा तर म्हणे भिंतीवरचं घड्याळ घाबरून पाच मिनिटं पुढे गेलं होतं.

"बाई, समुद्र तर झोपलाय," लतीफ मुकादम म्हणाला. लतीफ हा केंद्राचा लाटातज्ज्ञ, बदलून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याने भरतीचे आलेख पुन्हा चाळले. "वादळ नाही, कमी दाबाचा पट्टा नाही, भूकंप नाही. अंदमानपर्यंत एक ढग धड उभा नाही. तुमचे दिवे कशाला लागले?"

"तेच बघतेय."

"मला ती पूर्वमुद्रा एकदा नीट सांगा. सूत्रं नकोत."

इंदुमतीने घास डब्यात ठेवला. "किनाऱ्यावरच्या घराघरात सरकारने ती केशरी तगपिशवी दिलीय ना? घर सोडून पळायची वेळ आली तर तीन दिवस तग धरायला. पाणी, बिस्किटं, चिक्की, जखमेच्या पट्ट्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, शिट्टी, विजेरी. त्यातल्या एकेका पुड्याच्या तोंडावर एकेक मुद्रा. मुद्रा फोडल्याशिवाय पुडा उघडत नाही. मुद्रेत एक स्फटिक, आणि त्याचा जुळा इथे, या दिव्यामागे. तिकडे मुद्रा फुटली की इकडचा जुळा कळवळतो."

"एवढं तर साधं आहे."

"साधं कसलं! तो आधी कळवळतो. मुद्रा फुटण्याच्या आधी, तीन दिवसांच्या आत कधीतरी."

"आधी का?"

"का ते समजलं असतं तर मी इथे शिळी भाकरी खात बसले असते? पण होतं तसंच. दिवा लागला आणि मुद्रा फुटली नाही, असं एकदाही झालेलं नाही. दिवा लागल्यावाचून फुटली, असंही नाही."

"म्हणजे भविष्य कळतं!"

"नाही हो लतीफभाई. पुडा फुटणार, एवढंच कळतं. कोण फोडणार, कुठे फोडणार, कशाला फोडणार, त्याबद्दल स्फटिक मुका."

शोध तिचाच होता. दोन वर्षांपूर्वी याच फलकावर कोळीवाडा असा उजळला, अख्खी वस्ती बसमध्ये घालून टेकडीपलीकडच्या गोदामात नेली, आणि दुसऱ्या दिवशी लाट होड्या उचलून देवळाच्या कळसाशी ठेवून गेली. एक माणूस दगावला नाही, पडक्या घरांतून सामान काढताना खरचटलं तेवढंच. इंदुमतीची वाड्यातल्या पोरींनी पालखी काढायची तेवढी राहिली होती. मग यंदा उन्हाळ्यात पुन्हा दिवे लागले, वस्ती पुन्हा गोदामात गेली, आणि काहीच झालं नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात वाचलो.

आता ही तिसरी वेळ. आणि नियम असा होता की जी वस्ती तीनदा रिकामी करावी लागते, ती कायमची धोक्याची. तिथे परत कोणी राहायचं नाही. त्या जागेवर पर्यटक जहाजांचा धक्का बांधायचा आराखडा तयार होता, आणि त्यात कोळीवाड्याच्या जागी गाड्या लावायची सोय दाखवली होती.

ती फलकाला नाक लावून उभी राहिली. मग तिने एकदम लतीफचा दंड धरला.

"हे बघा. पाण्याचे दिवे लागलेत. बिस्किटांचे लागलेत. चिक्कीचे तर झाडून सगळे. आणि हे पट्ट्यांचे बघा."

पट्ट्यांची रांग काळीठिक्कर होती. गोळ्यांचीही. शिट्ट्यांचीही.

"लाटेच्या वेळी?" लतीफने विचारलं.

"लाटेच्या वेळी सगळं पेटलं होतं. हजार माणसं पुरातून पळतात आणि कोणाचं बोटसुद्धा कापत नाही? वस्ती बुडतेय आणि लोक बसून चिक्की खातायत?"

लतीफ चांगला शास्त्रज्ञ होता, म्हणून त्याने आधी दिवे मोजले. मग म्हणाला, "चिक्की खातायत म्हणजे कुठेतरी निवांत बसलेत. आणि दुसरं काही खायला मिळत नाहीये."

"गोदामात!" इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिथला नियम काय? तीन दिवस चूल पेटवायची नाही, तगपिशवीतलंच खायचं. म्हणून मुद्रा फुटतात. मुद्रा फुटणार म्हणून इथे दिवे लागतात. दिवे लागले म्हणून भोंगा. भोंगा झाला म्हणून गोदाम. समुद्राचा यात संबंध काय? उन्हाळ्यातही हेच झालं असणार! तो नियम कोणी केला, ठाऊक आहे?"

"मी केला," दारातून आवाज आला.

संचालक रायरीकर आत आले. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. तीन ऋतूंत त्यांच्या सदऱ्याला सुरकुती पडलेली कोणी पाहिली नव्हती. "लोकांना सवय व्हावी म्हणून केला. तुमचं सगळं ऐकलं, तांडेलबाई. तुम्ही म्हणता तसं असेलही. नसेलही. दिवे चुकत नाहीत हे तुमचंच वाक्य ना? निम्म्याहून जास्त दिवे लागले की भोंगा आपला आपण वाजतो. त्यात माणसाचा हात नाही, आणि ही व्यवस्था मी मुद्दाम तशी ठेवली आहे."

बाहेर भोंगा वाजायला लागला.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं," इंदुमती म्हणाली.

"मला एवढंच माहीत आहे की बस निघाल्यात," रायरीकर म्हणाले. "आणि तुमचं घरही तिथेच आहे. पिशवी भरायला घ्या."

इंदुमतीने भाकरीचा डबा फलकाखालच्या टेबलावर आपटला. तो आवाज म्हणे धक्क्यावरच्या बगळ्यांनी ऐकला.

कोळीवाड्यात रस्त्याच्या तोंडाशी बस उभ्या होत्या, आणि घराघरातून केशरी पिशव्या बाहेर पडत होत्या. लोकांना आता हात बसला होता. जड ते खाली, पाणी कडेला, कागदपत्रं मधल्या कप्प्यात, औषधं हाताला लागतील अशी वर. शिकवलं होतं ते सगळं बरोबर, आणि शिकवलं नव्हतं तेही. चांगुणाकाकी उंबऱ्यात बसून पिशवीच्या तळाशी सुकट कोंबत होती.

"काकी, सुकट नेऊ देत नाहीत."

"वास येतो म्हनून ना? तीन दिवस ती गोड बिस्किटं खाऊन माज्या जिभेचा पुठ्ठा झाला व्हता. वास येतो तर येऊ दे. जिवंत मानसाला वास येतोच."

"काकी, जाऊ नका."

काकीने वर पाहिलं. मागून जनू नाखवा आला. वाड्यातली सर्वांत मोठी होडी त्याची, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच. खांद्यावर एक पिशवी, काखेत नातू.

"काय गो इंदू, तूच यंत्र केलंस, तूच नको म्हंतेस?"

इंदुमतीने सांगितलं. उभ्या उभ्या, बसच्या घरघरीवर आवाज चढवून, गर्दी जमेपर्यंत सांगत राहिली. यावेळी गेलात तर परत यायला घर नाही, हेही सांगितलं.

नाखव्याने समुद्राकडे पाहिलं. समुद्र नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा पडला होता.

"तुजं चुकलं तर?"

हा प्रश्न ती वाटभर टाळत आली होती. तिने नाखव्याच्या काखेतल्या पोराकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. "चुकलं तर आपण सगळे बुडू. मी इथेच आहे. आई घरात आहे, तिलाही हलवत नाही. पण दादा, पट्टीचा एक दिवा लागलेला नाही. एकसुद्धा नाही. लाट येऊन एवढ्या माणसांत कोणाला खरचटत नाही?"

"आनी मेलेल्याला पट्टी लागत नाय," नाखवा म्हणाला.

हे इंदुमतीला सुचलं नव्हतं. मग तिचं डोकं चाललं. रागात तिचं डोकं नेहमीच जास्त चालायचं.

"मेलेल्याला चिक्कीही लागत नाही," ती म्हणाली. "चिक्कीचे दिवे सगळे लागलेत. म्हणजे तीन दिवसांत इथला प्रत्येक जण चिक्की खाणार आहे. जिवंत, आणि हात-पाय धड."

नाखव्याने मान हलवली. "मंग ती गोदामात बसूनच खायला पायजे?"

"कोण म्हणतं! मुद्रा फुटणार हे ठरलंय. कुठे फुटणार ते ठरलेलं नाही." तिने काकीची पिशवी ओढून घेतली, चिक्कीचा पुडा काढला आणि सगळ्यांच्या देखत मुद्रा फोडली. "अशी. इथे. आपल्या अंगणात. दिवे म्हणतात फुटणार, तर घ्या, फोडा! एक ठेवू नका!"

पुढचा तासभर कोळीवाड्यात जे झालं त्याला सरकारी भाषेत शब्द नाही. देवळासमोर जाळी पसरली, तिच्यावर माणसं बसली, आणि टकाटक मुद्रा फुटायला लागल्या. बिस्किटं सुकटीबरोबर खाल्ली तर चांगली लागतात, हा शोध त्या दिवशी लागला. बसचे चालक आधी घड्याळ बघत होते, मग चिक्कीकडे बघायला लागले, मग खाली उतरले. संध्याकाळी बस रिकाम्या परत गेल्या.

तीन दिवस गेले. समुद्राने कूससुद्धा बदलली नाही.

चौथ्या दिवशी इंदुमती केंद्रात गेली ती मान वर करून. रायरीकर फलकासमोर तिची वाटच बघत होते. लतीफ कोपऱ्यात पाळीच्या खुर्चीत बसला होता, आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"वस्ती रिकामी झाली नाही," इंदुमती म्हणाली. "तिसरी वेळ धरता येणार नाही."

"मान्य," रायरीकर म्हणाले. "माझा एक प्रश्न आहे, शास्त्रीय. परवाच्या मुद्रा कोणी फोडल्या?"

"आम्ही."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"तुम्ही सांगितलं नसतं, तर त्या दिवशी त्या फुटल्या असत्या?" ते हसले. "आणि फुटल्या नसत्या तर दिवे लागले असते? भोंगा झाला असता? तुम्ही माझ्यावर ओरडत होता, बाई. मी काहीच केलं नव्हतं. परवाचा भोंगा तुमच्या मेजवानीने वाजवला."

रायरीकरांचं बरोबर होतं. खोट काढायला इंदुमतीने तो हिशेब उलटसुलट करून पाहिला, त्यात खोट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला असा राग आला होता की त्याला बसायला जागाच नव्हती. दिवे लागले म्हणून ती धावली, ती धावली म्हणून मुद्रा फुटल्या, मुद्रा फुटल्या म्हणून दिवे लागले. सगळ्यात मोठा हात तिचा.

"मी मात्र यातून शिकलो," रायरीकर म्हणाले. "मुद्रांचा गैरवापर झाल्यामुळे कोळीवाड्यात नव्या पिशव्या देणार नाही. त्या वस्तीच्याच नावाने माझ्या कोठारात राहतील. आता विचार करा. एखाद्या सोमवारी कोठारात कोणी मुद्रा फोडल्या, तर आदल्या शुक्रवार-शनिवारी भोंगा होईल. नियमाने, माणसाचा हात न लागता. यावेळी बसबरोबर पोलीस असतील."

लतीफ ताडकन उठला. "साहेब, हा गुन्हा आहे."

"कसला? मुद्रा तपासणीसाठी फोडता येतात."

इंदुमतीच्या डोळ्यांसमोर टेकडीवरची अधिकारी वसाहत आली. रायरीकर तिथेच राहत. तिथेही सरकारने केशरी पिशव्या दिल्या होत्या, पण त्या केशरी रंगाने दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून घरोघरच्या बायकांनी त्या वसाहतीच्या क्लबात नेऊन रचल्या होत्या. क्लब झाडायला कोळीवाड्यातल्या बायका जात. किल्ली चांगुणाकाकीच्या सुनेच्या कमरेला असे.

फोडीन, तिने ठरवलं. काकीला घेऊन जाईन आणि एक मुद्रा ठेवणार नाही. नोकरी गेली तर गेली. ठरवताना तिच्या मुठी इतक्या आवळल्या की नखं तळहातात रुतली.

आणि फलकावर टेकडीचा चौकोन पेटला.

पाणी, बिस्किटं, चिक्की. आपण खरंच करणार आहोत की नुसते रागावलो आहोत, हा प्रश्न माणसाला आयुष्यभर छळतो. इंदुमतीला त्याचं उत्तर भिंतीवर मिळालं होतं. टेकडीवरून भोंगा ऐकू आला.

"बंद करा," रायरीकर म्हणाले. यावेळी आवाज चढला होता.

"माणसाचा हात लागत नाही त्याला," लतीफ म्हणाला. "बस निघतील आता. टेकडीची पहिली वेळ."

रायरीकरांचा फोन वाजला. टेबलावरच ठेवलेला होता, घाईत त्यांनी भलत्या जागी बोट लावलं आणि त्यांच्या पत्नीचा आवाज खोलीभर झाला. "अहो, भोंगा झाला! ती पिशवी क्लबात आहे, मी काय घेऊ? पासपोर्ट घेऊ? चांदीची भांडी घेऊ?"

"काही घेऊ नकोस. घरात बस."

"अहो, पण दिवे चुकत नाहीत, तुम्हीच सांगता ना भाषणात!"

"दिवे फक्त पुडा फुटणार एवढंच सांगतात!" रायरीकर ओरडले. त्यांच्या सदऱ्याला पाठीवर पहिली सुरकुती पडली. "कशाला फुटणार ते नाही सांगत! नुसती बिस्किटं पेटलीत, पट्टी एक नाही. काही होत नाही, बस घरात!"

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की खोलीत कोणी हलत नाहीये. दारात कारकून, शिपाई, पाळी बदलायला आलेली मंडळी, सगळे उभे होते.

"हेच लिहून द्या," इंदुमती म्हणाली. "आत्ता. सगळ्या वस्त्यांसाठी. पट्टीचे दिवे लागल्याशिवाय भोंगा नाही, आणि गोदामात पहिल्या दिवसापासून चूल. नाहीतर आधी तुमची बायको बसमध्ये बसवा. मग पुढच्या दोन वेळाही बसवा."

रायरीकरांनी लिहून दिलं. सही करताना कागद फाटला, म्हणून दुसऱ्यांदा लिहावं लागलं. लतीफने तो आदेश तिथल्या तिथे यंत्रात घातला आणि टेकडीवरचा भोंगा मध्येच गळा दाबल्यासारखा बंद पडला.

कोळीवाडा वाचला. पण दिवे लागलेले होते, आणि लागलेला दिवा फुकट जात नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी, नोकरीचा राजीनामा पिशवीत घेऊन, इंदुमती चांगुणाकाकीसह टेकडी चढली. राग जरासुद्धा निवला नव्हता. उलट रोज त्यात नवा राग मिळवून तिने तो मुरवला होता.

काकीने क्लबाचं दार उघडलं. आत एकच केशरी पिशवी होती.

"बाकीच्या?" इंदुमतीने राखणदाराला विचारलं.

"बाकीच्या त्याच दिवशी गेल्या की," राखणदार म्हणाला. "भोंगा बंद झाला, पण कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, रायरीकरसाहेब स्वतःच्या बायकोला घरात बसवतो, म्हणजे बसमध्ये जागा कमी असणार. गाड्या काढल्या आणि घाटावरच्या विश्रामगृहात गेले. तिथला आचारी सुट्टीवर. आज परत आले, चिक्की खाऊन खाऊन सगळ्यांचे दात दुखतायत."

इंदुमती दारातच खाली बसली. म्हणजे तो चौकोन तिच्या निर्धाराने पेटलाच नव्हता. कोळीवाड्याचा भोंगा तिने रायरीकरांच्या नावावर मांडला, तो तिचा निघाला. हा तिने स्वतःच्या नावावर मांडला, तो टेकडीवरच्या घाबरटांचा निघाला. दिव्यांसमोर उभं राहून तिला केवढा अभिमान वाटला होता!

"माझ्यासाठी एक मुद्रा ठेवली नाही मेल्यांनी," ती म्हणाली.

"ही हाय की," काकी म्हणाली. उरलेल्या पिशवीवर नाव होतं: रायरीकर. नवऱ्याचं ऐकून घरात बसलेली टेकडीवरची एकटी बाई.

इंदुमतीने पिशवी मांडीवर ओढली, चिक्कीचा पुडा काढला आणि मुद्रेवर अंगठा ठेवला. दुसऱ्या हाताने लतीफला फोन लावला. "लतीफभाई, टेकडीच्या चौकोनात रायरीकरांचा चिक्कीचा दिवा बघा."

"काळा आहे, बाई."

"नीट बघा."

"पुसून बघितला. काळा."

तिने फोन ठेवला. दिवा लागल्यावाचून मुद्रा फुटलेली नाही, कधीच नाही. म्हणजे ही फुटणार नव्हती. पण अंगठा मुद्रेवर होता, दाबायला एक क्षण पुरे होता, आणि अंगातला सगळा संताप त्या अंगठ्यात उतरला होता. मग आपल्याला थांबवणार कोण? ती खरोखर उत्सुकतेने वाट पाहू लागली.

काकीने वाकून पुडा तिच्या हातातून काढून घेतला, पिशवीत होता तसा खोचला आणि बंद ओढला.

"सोड, इंदू. इतका राग त्याच्यावर घालवलास, आता चिक्की पन घालवतेस? खरी लाट येईल तवा त्या मानसाला बसमधी शेजारी बसवून आपली चिक्की कोन देनार हाय? त्याला ही लागंल."